खोबरं निघालं, आक्का

आक्का, खोबरं निघालं. मी बरोबर होतो.

हे सांगायला मी हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच घेऊन परसातनं पळत सोप्यात आलो. तुझी खुर्ची रिकामी. ती रिकामीच असणार, मला काय माहीत नव्हतं? तुझ्या तिरडीला खांदा दिला मी. तरी पाय आले. आणि दारात उभ्या उभ्या असा राग आला तुझा की काय सांगू. इतकी वर्षं भांडलीस, एकदा म्हणून हार मानली नाहीस, आणि पुरावा हातात आला तर तू जागेवर नाहीस. ही काय भांडायची रीत झाली का?

वैशाली वहिनी म्हणाल्या, "मनात कोंडून ठिवू नगोस. लिवून काड." तुझी सून आहे, हुकूमच केला. मी नववीतनं सुटलेला. सही करताना अजून पेन घट्ट धरतो. तरी बसलोय लिहायला. तुझा जन्म कुठला, सासर कुठलं, कष्ट किती केलेस, ते मी लिहिणार नाही. दूध घालायला येणाऱ्या सगळ्या बायका ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतात, आणि सांगताना रडतात पण. मला रडायचं नाही. मला भांडण पुरं करायचंय.

तुझी डेरी म्हणजे सोप्यातलं एक टेबल, वजनकाटा, फॅट काढायचं यंत्र आणि सकाळ-संध्याकाळ दारात लागलेली किटल्यांची रांग. गारगोटीपासून हाकेच्या अंतरावर वाडी, पण लाइटीला ते अंतर काही जमत नाही. नेमकी दूध घालायच्या वेळेला जाते. फॅट निघाली नाही की दूध अडतं, दूध अडलं की गाडी निघून जाते, आणि गाडी निघून गेली की बायकांनी पहाटेपास्नं केलेलं सगळं वाया. म्हणून परसात पत्र्याखाली तो जनरेटर. दोघांनी हँडलला धरून उचलावा एवढा. पूर्वी पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर टाकायचा, रॉकेल मिळायचं बंद झाल्यापासून नुसत्या पेट्रोलवर. रंग कुठला होता ते तुलाही सांगता यायचं नाही.

मी इकडे आलो तो मोबाईल टॉवरच्या कामावर. आम्हाला वाशीमकडनं घेऊन आलेला ठेकेदार काम अर्धवट टाकून, फोन बंद करून गेला. बरोबरची पोरं मिळेल त्या गाडीनं गावाकडं परतली. माझ्याकडे परत जाऊन सांगण्यासारखं काही नव्हतं. आधी शाळा सुटली होती, आता काम सुटलं, हे मायला कोणत्या तोंडानं सांगायचं? पाणी मागायला तुझ्या परसात शिरलो तेव्हा तू पदर खोचून त्या जनरेटरची दोरी ओढत होतीस आणि त्याला असल्या शिव्या घालत होतीस की मी पाणी मागायचंच विसरलो.

"पावणं, बगत काय हुबा ऱ्हायलाय? वडा की."

"ओढून होणार नाही," मी म्हणालो. "प्लग ओला झाला असेल."

"मग पुसा. का मुहूर्त बगायचा?"

प्लग पुसला. दुसऱ्या ओढीला मशीन लागलं. तू मला वरनं खालपर्यंत बघितलंस.

"कुठलं गाव म्हणायचं?"

"वाशीमकडचा आहे मी. तुम्हाला नसेल माहीत, लांब आहे."

"एवड्या लांबनं माझा प्लग पुसाय आलास व्हय?" आणि मग आत बघून ओरडलीस, "वैशे, ताट वाढ गं ह्या वाशीमला." तेवढ्यावरनं नाव पडलं. आज वाडीत माझं खरं नाव कुणाला विचारलं तर सांगता येणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी मी परत 'तुम्ही' म्हणालो तेव्हा कसली चिडलीस. "तुमी-बिमी काय लावलंयस? मी काय तलाठी हाय?" तिथनं पुढं 'तू'. माझ्या सख्ख्या काकूला मी अजून 'तुम्ही' म्हणतो.

तर, नारळ.

दर अमावास्येला तू मशीनला हळदकुंकू लावायचीस आणि नारळ फोडायचीस. लोक दारात फोडतात, उंबऱ्याबाहेरच्या दगडावर फोडतात. तू थेट मशीनच्या लोखंडी पाइपवर. पाणी उडायचं ते टाकीवर, सायलेन्सरवर, आणि मागच्या बाजूला जिथं वीज तयार होते तिथल्या जाळीवर. मला ते बघवायचं नाही. मुळात मी घाबरट माणूस. झोपायच्या आधी गॅसचं बटण तीनदा बघतो. आणि इथं माझ्या डोळ्यांदेखत विजेच्या यंत्रावर पाणी ओततायत, वर हात जोडतायत.

"आक्का, पाणी आत जातंय. बाहेर फोड ना."

"देवाचं पाणी हाय त्ये."

"देवाचं असलं तरी पाणीच ना? आत तारांचं वायंडिंग आहे."

"आजवर काय झालंय?"

"होईल एक दिवस."

"मग त्या दिवशी सांग."

त्याच दिवशी सांगायला आलो होतो, आक्का. तू नव्हतीस.

तुझ्याशी भांडणं म्हणजे असं, की आपण सरळ मुद्द्यावर बोलावं आणि तू उलटून आपल्यावरच यावंस. अर्थिंगचंच बघ. मशीनला अर्थिंग पाहिजे म्हणून मी परसात खड्डा काढला, पाइप गाडला, मीठ-कोळसा भरला. माती ओली राहावी म्हणून रोज सकाळी त्यात तांब्याभर पाणी घालायला लागलो. तू बघत होतीस. मग एकदा रांगेतल्या सगळ्या बायकांसमोर सुरू झालीस.

"बगा गं बायांनु! मीठ, कोळसा, वरनं तांब्याभर पाणी. ह्येला पूजा म्हणत्यात का न्हाय?"

"आक्का, ते शास्त्र आहे! शॉक बसला तर वीज जमिनीत जायला पाहिजे."

"माझा बी नारळ त्यासाठीच की. तुजा द्येव खड्ड्यात, माजा मशीनवर. हाय काय त्यात?"

सगळ्या हसल्या. मी तांब्या आपटून आत गेलो. त्यावरचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. आहे, उत्तर आहे, कुठंतरी असणारच, पण तुझ्यासमोर मांडता आलं नाही एवढं खरं.

आणि मशीन पण तुझ्याच बाजूचं. दर वेळी बिघडलं की मी उघडायच्या आधीच बोलायचो, "नारळच असणार." एकदा उंदरानं वायर कुरतडलेली निघाली. एकदा शेजारच्या दगडू तात्यानं आंघोळीच्या पाण्याचा हीटर आपल्या मशीनला जोडला आणि सॉकेट जळालं, वर म्हणतो कसा, "मला काय म्हाईत त्येला सोसत न्हाय?" एकदा पेट्रोलमध्येच पाणी. प्रत्येक वेळी मी काळे हात घेऊन बाहेर यायचो आणि तू कमरेवर हात ठेवून उभी.

"काय निघालं? खोबरं?"

किती वेळा ऐकलंय मी हे. रोज जेवायला घालणाऱ्या माणसाचा इतका राग येऊ शकतो, हे मला तुझ्याकडं राहून कळलं.

शेवटच्या काही महिन्यांत मशीननं नवंच काढलं. इंजिन खणखणीत चालू, पण बल्ब मिणमिण करायचा, मधेच मोठा व्हायचा आणि गपकन जायचा. मी मीटर आणायला आत वळायचो. तेवढ्यात तू वरवंटा घेऊन बाहेर. मागच्या बाजूला एक धपाटा, आणि लाइट हजर.

"बग. कायबी न्हाय, अंगात आळस भरलाय त्येच्या."

"असं मारून नसतं चालत, आक्का! आत काहीतरी सैल आहे, ते शोधायला पाहिजे."

"चाललं न्हवं?"

"आज चाललं. उद्या?"

"उद्या उद्याचा धपाटा. तुला बी येळेवर दोन बसलं असतं तर धावी झाला असतास."

सांग, काय बोलायचं यावर? दूध घ्यायचं असायचं, रांग खोळंबलेली असायची, लाइट आलेली असायची. मशीन उघडून नीट बघू म्हणायचो, आणि तुझ्या धपाट्यानं ते रोज पुढं ढकललं जायचं.

मग ती अमावास्या. तुला ताप होता. वहिनींनी आणि मी सांगितलं, या खेपेला राहू दे, आम्ही फोडतो. तू चौकटीला धरून बाहेर आलीस. वाकता येईना म्हणून दुधाचा कॅन पालथा घालून त्यावर बसलीस, आणि नेमकी मशीनच्या मागच्या अंगाला. पहिल्यांदा मारलास, फुटला नाही. दुसऱ्यांदा नुसता तडकला. तुझ्या हातानं एका घावात फुटणारा नारळ मी इतकी वर्षं बघितला होता. तिसऱ्यांदा फुटला तो जाळीच्या बरोबर वर, सगळं पाणी सरळ आत.

माझ्या तोंडून गेलंच, "आक्का, आत गेलं गं पाणी."

"जाऊ दे की," तू म्हणालीस. "त्याला बी तान लागली आसंल."

तुला हसू आलं होतं. मला नाही आलं. मी फडकं आणून वरवरनं पुसलं आणि तोंड फिरवलं. आतनं पुसायला झाकण काढायला हवं होतं, पण तेवढ्यात तुला थंडी भरून आली आणि आम्ही तुला आत नेलं. मशीन मग कुणाच्या ध्यानात राहतंय?

कोल्हापूरच्या दवाखान्यात एका वेळी एकालाच आत सोडत होते, तेही नात्यातल्या माणसाला. दारावरच्या माणसानं मला विचारलं, "तुम्ही कोण पेशंटचे?" कोण मी तुझा? मी तिथनं बाजूला झालो. सुनीलदादा आतनं बाहेर आला आणि त्या माणसाला म्हणाला, "सोडा त्येला. घरचाच हाय." तुझा मुलगा तुझ्यासारखाच, मोठं बोलायचं आणि पुढं निघून जायचं. मी आत आलो. बसमध्ये सगळं जुळवून आलो होतो, काय म्हणायचं ते. त्या दिवशी पाणी मागायला आलो होतो आणि तू ताट वाढलंस, हे म्हणायचं होतं. मायला फोनवर तूच सांगितलंस की पोरगं चांगलं हाय, काळजी करू नगा, हेही. तू डोळे उघडलेस.

"मशीन चालू हाय का रं?"

"हो," मी म्हणालो. "चालू आहे."

संपलं. एवढंच बोलणं. जुळवून आणलेलं सगळं तसंच परत घेऊन आलो. अजून आहे माझ्याजवळ, कुठं ठेवू कळत नाही.

तू गेल्यावर घराला सुतक होतं, पण म्हशी सुतक पाळत नाहीत. बायका किटल्या घेऊन आल्याच. वहिनी डोळे पुसत काट्यावर बसल्या. आणि लाइट गेली. मी जाऊन दोरी ओढली. इंजिन एका ओढीत लागलं आणि बल्ब साधा लाल पण झाला नाही. मीटर लावलं तर तीन-चार व्होल्ट. म्हणजे असून नसल्यासारखं. रांगेत दगडू तात्या होता. म्हणाला, "वाशीम, म्हातारीबरुबर मशीन बी गेलं बग." चेष्टा केली त्यानं. त्याचा आवाजही धड नव्हता, तरी मला त्याच्या अंगावर जावंसं वाटलं.

सुनीलदादा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीला, सोमवारच्या सुट्टीला येतो. आला, मशीनकडे बघितलं, आणि सरळ हिशोबाचं बोलला, "इन्व्हर्टर आणू. काटा आणि फॅटमशीन चालवायला तेवडं रग्गड झालं. आवाज न्हाय, दोरी न्हाय, पेट्रोल न्हाय. आमुशापातूर बग तुझ्यानं हुतंय का, न्हायतर भंगारात दिऊन टाकू."

त्याचं काही चुकलं नव्हतं. पण तू एकदा चारचौघांत म्हणाली होतीस, "जनरेटर हाय तवर आमचा वाशीम हाय." सगळे हसले होते, मीही हसलो होतो. आता ते वाक्य डोक्यातनं जाईना. इन्व्हर्टरला कोण लागतंय? भिंतीवर टांगला की झालं. त्याला दोरी ओढणारा नको, प्लग पुसणारा नको, अर्थिंगच्या खड्ड्यात तांब्या ओतणारा नको. मायला फोन केला. म्हटलं, बहुतेक परत येतो.

"काऊन? हाकललं का कोणी?"

"नाही."

"मंग?"

मी फोन ठेवून दिला.

मग मी त्या मशीनच्या मागे लागलो, आक्का, अगदी खुळ्यासारखा. सॉकेट खोललं, ठीक. ट्रिप होणारं बटण बदललं, ठीक. सगळ्या वायरी सोडवून एकेकीला बल्ब लावून तपासल्या, एक तुटलेली नाही. वायंडिंग जळालंय का म्हणून वास घेतला, मीटरनं बघितलं, चांगलं. व्होल्टेज सांभाळणारा छोटा डबा असतो, तो गारगोटीतनं दुसरा आणून लावला. काही फरक नाही. दुकानदार म्हणाला, "पावणं, ह्या मशीनला आता हार घाला." मी डबा परत दिला आणि एसटीत बसलो.

जुनं मशीन बरेच दिवस पडून राहिलं की त्याच्यातलं लोहचुंबक मरतं, बाहेरनं बॅटरी लावून ते जागं करावं लागतं, हे टॉवरच्या कामावर बघितलेलं. सुनीलदादाच्या मोटरसायकलची बॅटरी काढून तेही केलं. बल्ब लखकन पेटला. वहिनी आतनं "आली! आली!" म्हणून ओरडल्या. आणि गेला. परत लावली, परत लखकन, परत गेला. यापेक्षा पेटलाच नसता तर बरं झालं असतं. मशीन मेलेलं नव्हतं. जिवंत होतं आणि माझं ऐकत नव्हतं. तुझंच मशीन शेवटी.

तू असतीस तर वरवंटा आणला असतास. मला माहीत होतं. तो पाट्याशेजारी तिथंच होता. मी हात लावला नाही. मारून दुरुस्त होत नाही, हे मी तुला इतक्या वेळा सांगितलं होतं की आता तू नसताना मारणं म्हणजे काय तोंडानं मारायचं? अमावास्या जवळ आली आणि मी हट्टाला पेटून बसलो.

त्या दिवशी दुपारी चहा घेऊन मशीनसमोर नुसता बसलो होतो. करायचं काही उरलं नव्हतं. मुंग्या चालल्या होत्या. भिंतीवरनं खाली, फरशीवरनं आडव्या, मशीनच्या पाइपवर चढून मागच्या जाळीतनं आत. लाल मुंग्या, एकामागे एक. आधीही दिसल्या होत्या, पण मी फडक्यानं झटकून टाकलेल्या. आता बघत राहिलो. जनरेटरमध्ये मुंग्यांचं काय काम? पेट्रोलला मुंगी येत नाही, ऑइलला येत नाही. मुंगी गोडाला येते.

चहा सांडला माझा.

मागचं झाकण काढलं. आत दोन कार्बनचे ठोकळे असतात, त्यांना ब्रश म्हणतात. मागनं स्प्रिंग, पुढनं ते फिरणाऱ्या पितळी रिंगला टेकलेले. टेकले तर मशीनला वीज तयार करता येते, नाही टेकले तर इंजिन नुसतं गुरगुरतं. मी ते पहिल्याच दिवशी बॅटरीच्या उजेडात बघितले होते. झिजले नव्हते, चांगले लांब होते, म्हणून सोडून दिले. आता बोटानं दाबले. एक आतबाहेर झाला. दुसरा हलेना. आपल्या खोबणीत चिकटून बसला होता, आणि रिंगेपासून केसभर लांब. त्याच्याभोवती तपकिरी, चिकट थर, त्यात मेलेल्या मुंग्या. पेट्रोलनं पुसला, निघेना. पेट्रोलनं निघत नाही म्हणजे तेल नाही, ग्रीस नाही. गरम पाण्याचं फडकं लावलं, विरघळला.

आणि खोबणीच्या कडेला नखाच्या टोकाएवढा एक कपचा. वाळलेला, पिवळा. पांढरा होता कधीतरी.

खोबरं.

मी स्क्रूड्रायव्हर घेऊन पळालो. पुढचं सांगितलंच तुला.

परत येऊन बसलो तेव्हा धपाट्याचंही कळलं. दर अमावास्येला थोडं थोडं पाणी आत जाऊन वाळत होतं आणि तो ब्रश अडकायला लागला होता. वरवंटा बसला की सुटून रिंगेला टेकायचा. तुझ्याच नारळानं आजारी पडायचं आणि तुझ्याच हातानं बरं व्हायचं. मधे मी मीटर घेऊन उभा, बावळटासारखा. म्हणजे मी बरोबर होतो आणि तूही चुकलेली नव्हतीस, आणि याचा मला जास्तच संताप आला. धड जिंकूही दिलं नाहीस.

तो थर पुसताना मात्र हात अडला. ते त्या शेवटच्या नारळाचं पाणी. तुझ्या हातचं या घरात ओलं असलेलं तेवढंच उरलं होतं. पण पुसल्याशिवाय मशीन चालणार नव्हतं. पुसलं. रिंगेला बारीक पॉलिश पेपर मारला, ब्रश सुटा केला, झाकण लावायच्या आधी दोनदा बघितलं. दोरी ओढली. बल्ब पेटला आणि पेटलेलाच राहिला. खोबऱ्याचा कपचा फेकवेना. शेवटी अर्थिंगच्या खड्ड्यात टाकला आणि वरनं तांब्याभर पाणी घातलं. हस आता. तिथं कुणी बघत नव्हतं.

वहिनी बाहेर आल्या. मी त्यांच्यासमोर सगळा राग काढला. सांगत होतो आक्काला, इतकी वर्षं सांगत होतो, जुनी रीत म्हणून काय मशीनवर पाणी ओतायचं असतंय का?

वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. "जुनी कुटली? तू यायच्या आदी कुटं फोडत हुत्या?"

"म्हणजे?"

"मामंजी हुते तवाबी न्हाय, नंतर मी आले तवाबी न्हाय. तू आलास, आन पयला मोठा फॉल्ट काढताना तुला शाक बसून बाजूला पडलास न्हवं? त्याच आमुशेपास्नं. मला म्हणाल्या, लोकाचं पोर हाय, इजेत हात घालतंय, त्येच्या आयशीला मी काय सांगू? नारळ मशीनचा न्हवताच रं. तुजा हुता."

एवढं तरी सांगायचंस ना, आक्का. दर महिन्याला त्या मशीनसमोर उभं राहून मी डोकं फोडत होतो, आणि तू म्हणत होतीस "देवाचं पाणी हाय". एकदा, फक्त एकदा खरं बोलायला काय होत होतं? मी नारळ बाहेर फोड म्हणालोच नसतो.

खोटं बोललो. म्हणालोच असतो. पण हळू आवाजात म्हणालो असतो.

सुनीलदादा सोमवारी आला. मी मशीन चालू करून दाखवलं, एकदा बंद केलं, परत चालू केलं. तो म्हणाला, "ब्येस." मग म्हणाला, "इन्व्हर्टर तर आणायचाच हाय, घरातल्या पंख्याला. मशीन ऱ्हाऊ दे डेरीला." मी घाबरत घाबरत विचारलं, मग मी? तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काय मी दुसऱ्याच भाषेत बोललो.

"तू काय जनरेटरचा पार्ट हायस व्हय रं? मशीन मोडलं तर तू कुटं जाणार हुतास?"

"आक्का म्हणायची ना, जनरेटर आहे तोवर..."

"आरं, ती काय बी म्हणायची! मला पावण्यांच्यात म्हणायची, ह्यो माजा न्हवंच, बाजारातनं आणलाय. मी काय बाजारात जाऊन बसू?"

वहिनी आतनं हसल्या. तू गेल्यानंतर त्या घरात पहिल्यांदा कुणीतरी हसलं. आणि मी एवढे दिवस परत जायच्या गोष्टी करत होतो, त्या कुणामुळं? तुझ्या एका चेष्टेमुळं. ते पण तुझ्या खात्यात लिही.

काल अमावास्या होती. वहिनींनी मशीनला हळदकुंकू लावलं आणि नारळ माझ्या हातात दिला. आता दोरी त्या ओढतात. मी कुठं बाहेर गेलो तर अडायला नको म्हणून मीच शिकवलंय, आणि त्या तुझ्यासारख्याच शिव्या घालून ओढतात. नारळ घेऊन मी दारातल्या दगडाकडे निघालो. ठरवून ठेवलं होतं, आजपास्नं बाहेर फोडायचा. फॉल्ट सिद्ध झालाय, पुरावा मिळालाय.

रांगेतनं दगडू तात्या ओरडला, "आरं ए वाशीम, तिकडं कुटं? मशीनवर!"

"आत जातंय, तात्या. बघितलं ना परवा?"

"मला काय सांगतोस? जा, आक्काला सांग."

मी मागं वळून बघितलं. वहिनी दोरीला हात लावून मशीनपाशी उभ्या होत्या, पदर खोचून. तिथनं जाळी वीतभर लांब, आणि आता माझ्यासारखे त्यांचेही हात रोज त्याच विजेच्या मशीनवर. मी परत आलो. त्यांना बाजूला व्हायला सांगितलं आणि एका घावात फोडला, तू फोडायचीस तिथंच, पाइपवर. पाणी उडालं. टाकीवर, सायलेन्सरवर आणि जाळीतनं आत.

मग सगळ्यांसमोर स्क्रूड्रायव्हर घेतला आणि मागचं झाकण उघडायला बसलो. बायका हसायला लागल्या. तात्या म्हणाला, "फोडायचा बी ह्येनंच आन पुसायचा बी ह्येनंच. मग फोडतोस कशाला?" तुझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा घेतला, दोन्ही ब्रश काढून कोरडे केले, खोबण पुसली, रिंग पुसली. हे आता दर अमावास्येला करायचं. आधी फोडायचा, मग लगेच उघडायचं. तुला पटणार नाही. मलाही पटत नाही. भांडण मिटलेलं नाही, आक्का, एवढं ध्यानात ठेव.

झाकण लावलं, स्क्रू आवळले. आवळले का ते बघितलं. परत एकदा बघितलं. एवढ्यात तू म्हणायला हवं होतंस, "किती येळा बगशील, पळून जातंय व्हय त्ये?"

कुणी म्हणालं नाही. म्हणून आणखी एकदा बघितलं.